मनोभाषावैज्ञानिक संशोधनातील साधने : मापन आणि अनुमान

भाषेच्या अभ्यासकाजवळ परंपरेने दोन प्रकारची सामग्री असते. भाषकांनी उच्चारलेली वा लिहिलेली वाक्ये ही एक; आणि अमुक वाक्य आपल्या भाषेत बसते की नाही याविषयी भाषकाने दिलेला कौल ही दुसरी. या दोहोंच्या आधारे भाषेचे व्याकरण लिहिता येते. परंतु वाक्य कानी पडल्यापासून त्याचा अर्थ उमगेपर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात काय घडते, या प्रश्नाचे उत्तर देण्यास ही सामग्री अपुरी पडते. ही घडामोड सेकंदाच्या काही अंशांत उरकते आणि ज्याच्या मनात ती होते त्यालाही तिची वार्ता नसते. 'हे वाक्य आपल्याला कसे समजले?' असे कोणास विचारले तर मिळणारे उत्तर बहुधा मागाहून रचलेले असते. मनोभाषाविज्ञानाला निरनिराळ्या साधनांची गरज भासली ती यामुळेच. या विषयाचे नाव पूर्वीही क्वचित वापरले गेले होते. तथापि १९५३ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात भरलेला परिसंवाद आणि त्यातून १९५४ साली ऑसगुड व सीबिऑक यांच्या संपादनाखाली निघालेला ग्रंथ यांनी त्याला स्वतंत्र अभ्यासशाखेचे रूप दिले.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मन मोजणारे यंत्र अद्याप कोणी निर्माण केलेले नाही. यंत्र मोजते ते कळ दाबण्यास बोटाला लागलेला वेळ, डोळ्यांची हालचाल, किंवा डोक्याच्या त्वचेवर जाणवणारा विद्युद्दाबातील सूक्ष्म फरक. या मोजमापापासून मनोव्यापारापर्यंत जावयाचे तर मध्ये एक गृहीतक लागते : 'अमुक व्यापार अवघड झाला तर अमुक मापात अमुक प्रकारचा बदल दिसेल'. त्याला आपण 'जोड-गृहीतक' म्हणू. साधनाचे मोल केवळ त्याच्या सूक्ष्मतेवर ठरत नाही, ते या जोड-गृहीतकाच्या भक्कमपणावर ठरते. आणि इंग्रजीच्या अभ्यासात रुळलेले जोड-गृहीतक मराठीला लावताना पुन्हा तपासून घ्यावे लागते, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

कालमापनाचे मूळ

मनोव्यापारांना लागणारा काळ मोजता येईल ही कल्पना प्रथम पद्धतशीरपणे अमलात आणली ती उट्रेख्ट येथील डच शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स याने. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातील प्रयोग भाषेच्या अभ्यासकाला विशेष जवळचे वाटावेत असे आहेत. एक जण 'की' असे अक्षर उच्चारी आणि दुसरा ते ऐकताच त्याची पुनरुक्ती करी. एका प्रकारात कोणते अक्षर येणार हे ऐकणाऱ्यास अगोदरच ठाऊक असे. दुसऱ्यात अनेक अक्षरांपैकी कोणतेही येई आणि जे येईल ते उच्चारावयाचे असे. तिसऱ्यात अनेकांपैकी केवळ 'की' आले तरच उत्तर द्यावयाचे असे. फिरत्या नळकांड्यावर ध्वनीची रेषा उमटवणाऱ्या यंत्राने प्रश्न आणि उत्तर यांमधील काळ मोजला जाई. पहिल्या प्रकाराचा काळ तिसऱ्यातून वजा केला की अक्षर ओळखण्यास लागणारा काळ मिळतो आणि तिसऱ्याचा दुसऱ्यातून वजा केला की उत्तराची निवड करण्यास लागणारा, असे हे वजाबाकीचे तत्त्व होते.

या वजाबाकीवर लवकरच आक्षेप आला. कामात एक पायरी वाढविली म्हणजे बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा राहतात, हे कशावरून? माणूस सगळे कामच वेगळ्या तऱ्हेने करू लागला असेल. १९६९ साली स्टर्नबर्ग याने पायऱ्या वजा करण्याऐवजी दोन घटकांचे परिणाम परस्परांत मिसळतात की स्वतंत्र राहतात हे पाहण्याची पद्धत सुचविली ती हा आक्षेप लक्षात घेऊनच. उपकरण बदलले नव्हते. आकड्यांवरून अनुमान काढण्याची रीत बदलली होती.

खटक्याचा प्रयोग आणि त्याची शिकवण

जोड-गृहीतक ढिले असले म्हणजे काय होते याचे उत्तम उदाहरण १९६५ साली फोडर आणि बीव्हर यांनी केलेल्या प्रयोगात मिळते. ध्वनिफितीवरील वाक्य ऐकवीत असताना मध्येच एक बारीक खटका वाजवावयाचा आणि तो वाक्यात नेमका कोठे वाजला ते ऐकणाऱ्याने सांगावयाचे, अशी ही योजना होती. खटका उपवाक्याच्या ऐन मध्यभागी वाजला असला तरी ऐकणारे तो दोन उपवाक्यांच्या सीमेकडे सरकवून सांगत. यावरून असे अनुमान काढण्यात आले की ऐकणाऱ्याचे मन उपवाक्य हा अखंड घटक म्हणून ग्रहण करते आणि त्या घटकात बाहेरचा आवाज शिरू देत नाही.

अनुमान आकर्षक होते. परंतु १९७० च्या सुमारास काही संशोधकांनी एक साधी युक्ती केली. त्यांनी ऐकणाऱ्यांना सांगितले की वाक्यात अतिशय मंद खटका आहे, तो कोठे आहे ते अंदाजाने सांगा. प्रत्यक्षात खटका मुळीच नव्हता. तरीही उत्तरांचा कल सीमेकडेच पडला. म्हणजे जो परिणाम श्रवणाचा मानला गेला होता त्याचा निदान काही भाग उत्तर देण्याच्या सवयीचा होता. उपवाक्य हा घटक मनाला खरा असेलही. परंतु या प्रयोगाने तो जितका सिद्ध झाला असे वाटले तितका झाला नव्हता. नवे साधन हाती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे : मी जे मोजतो आहे ते भाषा समजण्याच्या क्षणाचे आहे, की उत्तर देण्याच्या क्षणाचे?

शब्द आणि अक्षर

शब्द ओळखण्याच्या अभ्यासात सर्वाधिक प्रचार पावलेले साधन म्हणजे शब्दनिर्णयाची कसोटी. पडद्यावर अक्षरांचा समूह दिसतो. तो खरा शब्द आहे की नाही हे दोन कळींपैकी एक दाबून शक्य तितक्या लवकर सांगावयाचे. १९७१ साली मेयर आणि श्व्हानेव्हेल्ट यांनी दाखवून दिले की परस्परसंबद्ध शब्दांच्या जोडीवर हा निर्णय असंबद्ध जोडीपेक्षा लवकर होतो. आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर 'सुई–दोरा' ही जोडी 'सुई–डोंगर' या जोडीपेक्षा लवकर ओळखली जावी. शब्दांची मांडणी मनात अर्थसंबंधांनी बांधलेली असते, या मताला यामुळे बळ मिळाले. मात्र या कसोटीतही ओळखणे आणि निर्णय घेणे अशा दोन क्रिया एकत्र गुंतलेल्या असतात. १९८४ साली बॅलोटा आणि चम्बली यांनी निदर्शनास आणले की शब्दाच्या वारंवारतेचा परिणाम या कसोटीत फुगून दिसतो, कारण परिचित वाटणे हेच 'होय' म्हणण्यास पुरते. यास्तव तोच प्रश्न शब्द मोठ्याने वाचण्याच्या कसोटीनेही विचारून पाहण्याचा प्रघात पडला आहे.

ही कसोटी मराठीत योजू पाहणाऱ्यापुढे आणखी प्रश्न उभे राहतात. प्रयोगातील शब्द लांबीने सारखे असावेत असा नियम आहे; पण लांबी कशाने मोजावी? 'स्त्री' या शब्दात तीन व्यंजने आणि एक स्वर आहे, परंतु लिहिताना ते एकच अक्षर होते. 'कमल' या शब्दात उच्चारी तीन व्यंजने व दोन स्वर आहेत, तर लिखित अक्षरे तीन आहेत. रोमन लिपीत अक्षरे मोजली की काम भागते. देवनागरीत वर्ण, अक्षरे आणि छापील रुंदी ही तीन भिन्न मापे असून संशोधकाने कोणते धरले हे सांगणे प्राप्त आहे. दुसरे उदाहरण ऱ्हस्व इकाराचे. 'कि' मधील वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते, उच्चारात नंतर. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदीच्या वाचकांवर केलेल्या अभ्यासात असे शब्द मोठ्याने वाचण्यास अधिक वेळ लागतो असे आढळले. लिपी तीच असल्याने मराठीच्या प्रयोगातही हा घटक गृहीत धरलाच पाहिजे. एका गटातील शब्दांत ऱ्हस्व इकार अधिक आणि दुसऱ्यात कमी असले, तर मिळालेला फरक अर्थाचा म्हणून सांगितला जाईल आणि असेल तो वेलांटीचा.

शब्द नव्याने घडविण्याच्या कसोटीचीही हीच कथा आहे. जीन बर्को हिने १९५८ साली इंग्रजी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे अर्थहीन नाव सांगितले आणि तसेच दोन प्राणी दाखवून अनेकवचन वदवून घेतले. मुले ऐकलेले शब्द केवळ पाठ करीत नाहीत, नियमही आत्मसात करतात, हे त्यातून दिसून आले. हाच प्रयोग मराठीत करावयाचा तर 'लिमट' असे एखादे नाव घ्यावे. परंतु दोन झाले की काय म्हणावयाचे? पुल्लिंगी असेल तर 'दोन लिमट', नपुंसकलिंगी असेल तर 'दोन लिमटे', स्त्रीलिंगी असेल तर 'माळ–माळा' प्रमाणे 'लिमटा' किंवा 'भिंत–भिंती' प्रमाणे 'लिमटी'. मुलाला आधी लिंग ठरवावे लागते. आणि प्रयोगकर्त्याने 'हे पाहा एक लिमट' म्हणताना 'हे' ऐवजी 'ही' म्हटले की उत्तराचा अर्धा भाग त्यानेच सांगून टाकलेला असतो. इंग्रजीत एक गोष्ट मोजणारी कसोटी मराठीत दोन मोजते. हा दोष मानण्याचे कारण नाही. किंबहुना मुलांना लिंगव्यवस्था केव्हा व कशी साधते हे पाहण्याची ती संधी आहे. मात्र आपण काय मोजतो आहोत याची जाणीव असली पाहिजे.

डोळ्यांचा माग

वाचताना डोळा ओळीवरून सरळ घरंगळत जात नाही; तो ठिकठिकाणी थांबतो आणि झेपा घेतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ह्यूई याने वाचकाच्या बुबुळावर प्लास्टरची लहानशी वाटी बसवून तिला जोडलेल्या काट्याने या झेपांचा आलेख काढला; १९०८ सालच्या त्याच्या ग्रंथात ही हकीकत आहे. आजची उपकरणे डोळ्यांस स्पर्शही न करता अवरक्त किरणांच्या परावर्तनावरून दृष्टीचे स्थान सेकंदाला हजार वेळा टिपू शकतात. इंग्रजी वाचणारा प्रौढ मनुष्य एका थांब्यावर सरासरी २०० ते २५० मिलिसेकंद रेंगाळतो आणि त्याच्या सुमारे दहा ते पंधरा टक्के झेपा मागे वळणाऱ्या असतात. १९७५ साली मॅककॉन्की आणि रेनर यांनी दृष्टी जेथे असेल त्याभोवतीची थोडीच अक्षरे दाखवून बाकीची झाकण्याची युक्ती काढली. त्यावरून कळले की इंग्रजी वाचक दृष्टिबिंदूच्या डावीकडील तीनचार आणि उजवीकडील चौदापंधरा अक्षरांपर्यंतचा उपयोग करतो. उजवीकडून डावीकडे वाचल्या जाणाऱ्या हिब्रूत मात्र हा पल्ला डावीकडे अधिक असतो. अर्थात तो डोळ्याचा जन्मजात गुण नसून लिपीने लावलेले वळण आहे.

ज्यांना हे महागडे उपकरण उपलब्ध नाही त्यांच्यासाठी स्वगतीने वाचण्याची पद्धत आहे. वाक्य झाकलेले असते. कळ दाबली की पुढचा शब्द उघडतो आणि मागचा झाकला जातो. प्रत्येक शब्दावर गेलेला वेळ संगणक नोंदवितो. १९८२ साली जस्ट, कार्पेंटर आणि वूली यांनी या पद्धतीची इतर पद्धतींशी तुलना केली तेव्हापासून तिचा प्रसार झाला. साधा संगणक तिला पुरतो, म्हणून आपल्या विभागांतील विद्यार्थ्यांना ती सर्वांत सुलभ आहे; आणि नेमक्या याच कारणास्तव तिच्यातील एक धोका सांगितला पाहिजे.

या पद्धतीत वाक्याच्या शेवटच्या शब्दावर वेळ अधिक जातो, कारण तेथे वाचक सगळ्या वाक्याची जुळवाजुळव करतो. शिवाय एखाद्या शब्दावर आलेली अडचण पुष्कळदा त्या शब्दावर न दिसता पुढच्या शब्दावर दिसते. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्यावर येत असल्याने ही अडचण सहसा जाणवत नाही. मराठीत क्रियापद शेवटी. 'सुमतीने बाजारातून ताजी भाजी आणली' या वाक्यात 'आणली' ऐवजी 'आणला' घालून वाचक किती अडखळतो हे मोजावयाचे ठरविले, तर ज्या शब्दावर परिणाम पाहावयाचा तोच वाक्याचा शेवट ठरतो. आणि परिणाम पुढे सांडला तर टिपावयास पुढे शब्दच नाही. उपाय कठीण नाही. 'सुमतीने बाजारातून ताजी भाजी आणली असे तिच्या जावेने सासूबाईंना सांगितले' अशी रचना केली की क्रियापद मध्ये येते आणि त्यापुढे चारपाच शब्द मिळतात. एका वेळी किती मजकूर उघडावा हाही प्रश्न आहेच. 'घरासमोरच्या' या एका मराठी शब्दात जे आहे त्यासाठी इंग्रजी वाचकाला अनेक कळा दाबाव्या लागतात.

या काळजीचे चीज होते याची साक्ष हिंदीवरील संशोधन देते. कर्ता किंवा कर्म आणि क्रियापद यांत अंतर वाढले की क्रियापदाशी त्यांची सांगड घालणे अवघड होते, असे इंग्रजीच्या वाचनकालांवरून मानले जाई. श्रवण वासिष्ठ आणि रिचर्ड लुईस यांनी २००६ साली हिंदीतील वाचनकाल प्रसिद्ध केले. त्यांत मध्ये मजकूर वाढला असता काही रचनांत क्रियापद उलट लवकर वाचले जाते असे दिसले. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत वाचक त्याची वाट पाहत असतो आणि मधला प्रत्येक शब्द त्याची अपेक्षा अधिक नेमकी करीत जातो, असा याचा अर्थ लावता येतो. सर्व मानवी मनांचा म्हणून सांगितलेला नियम एका शब्दक्रमापुरता मर्यादित ठरण्याची शक्यता येथे दिसली.

मेंदूचा विद्युत्-आलेख

जर्मन वैद्य हान्स बेर्गर याने १९२९ साली मानवी मेंदूच्या विद्युत्-स्पंदांचा आलेख प्रसिद्ध केला. आज ईईजी या नावाने परिचित असलेल्या या साधनाने भाषेच्या अभ्यासात महत्त्व मिळविले ते १९८० साली, कुटास आणि हिलयार्ड यांच्या शोधामुळे. वाक्यात अर्थाशी विसंगत शब्द आला (समजा, भाकरीवर तुपाऐवजी रस्ता वाढला) तर तो शब्द दिसल्यापासून सुमारे ४०० मिलिसेकंदांनी आलेखात ऋण दिशेने एक लाट उठते. तिला एन-४०० म्हणतात. पुढे १९९२–९३ च्या सुमारास व्याकरणदोषांशी संबद्ध अशी, सुमारे ६०० मिलिसेकंदांवरची धन लाट वर्णिली गेली. एका शब्दाला मिळणारा प्रतिसाद इतर स्पंदांत बुडून जातो. म्हणून एकेका प्रकारची तीसचाळीस वाक्ये दाखवून त्यांची सरासरी काढतात. काळाच्या बाबतीत हे साधन अतिशय नेमके. परंतु स्पंद मेंदूत कोठून उठला हे त्यावरून सांगणे कठीण. चुंबकीय प्रतिमांकन स्थान चांगले दाखविते, पण ते रक्तप्रवाहातील बदलावर विसंबून असल्याने कित्येक सेकंद मागे राहते.

'अर्थदोष तर ४००, व्याकरणदोष तर ६००' अशी सुटसुटीत वाटणी काही काळ प्रचारात होती. कमल चौधरी व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली हिंदीतील 'ने' या प्रत्ययाचा नियम मोडणारी वाक्ये घेऊन प्रयोग केला. व्याकरणाचाच नियम मोडला असूनही तेथे एन-४०० ही लाट उठली व तिच्या मागोमाग धन लाटही आली. कारण कर्ता कोण हे ओळखण्यास तो नियम उपयोगी पडतो. अर्थग्रहणात ज्याचा वाटा आहे असा नियम मेंदू निराळ्या रीतीने हाताळतो, असे त्या संशोधकांचे विवेचन आहे.

हा प्रयोग मराठीत जसाच्या तसा उतरविता येणार नाही, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. मराठीचा 'ने' भूतकाळी 'रामाने आंबा खाल्ला' यात येतो, तसाच 'रामाने आंबा खावा' यातही येतो, आणि 'चाकूने आंबा कापला' यात करणाचा प्रत्यय म्हणूनही येतो. उलट 'मी आंबा खाल्ला', 'मी आंबा खातो' या दोहोंत 'मी' चे रूप एकच. म्हणजे 'ने' ऐकताच मराठी भाषकाला पुढच्या क्रियापदाविषयी जी सूचना मिळते ती हिंदी भाषकास मिळणाऱ्या सूचनेपेक्षा वेगळी आहे. दोन्ही भाषांत समान दिसणारा प्रत्यय प्रयोगात समान मानणे म्हणजे केवळ रूपसादृश्याला भुलणे होय.

कसोटीस बसणारा माणूस आणि संख्यांची साक्ष

शितावरून भाताची परीक्षा होते, परंतु शीत त्याच भातातले असावे लागते. आपले प्रयोग बहुधा पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर होतात आणि निष्कर्ष 'मराठी भाषक' या नावाने लिहिले जातात. रमेश मिश्रा व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. पडद्यावर काही वस्तूंची चित्रे असताना हिंदी वाक्य ऐकवावयाचे आणि दृष्टी केव्हा कोठे वळते हे पाहावयाचे, अशी ही पद्धत होती. नामाच्या आधी येणाऱ्या विशेषणाचे लिंग ऐकूनच सुशिक्षितांची दृष्टी योग्य चित्राकडे वळली. अल्पशिक्षितांची नाम ऐकल्यावर वळली. भाषा तीच, वाक्ये बोलीतली, वाचनाचा येथे संबंध नाही. तरीही वाचनाच्या सरावाने ऐकण्याची रीत बदललेली दिसते.

शब्दांनाही हेच लागू आहे. १९७३ साली हर्बर्ट क्लार्क याने बजावले की प्रयोगातील माणसे जशी अनेकांतून निवडलेली असतात तशीच वाक्येही. वीस वाक्यांवर आढळलेला परिणाम सगळ्या भाषेचा म्हणावयाचा तर वाक्यावाक्यांतील फरकही हिशेबात घेतला पाहिजे. २००८ नंतर रूढ झालेल्या मिश्र-परिणाम प्रतिमानांनी हे एकाच गणनेत करता येऊ लागले. आणि एक प्रयोग कितीही नेटका असला तरी तो पुन्हा करून पाहावा लागतो. इंग्रजीत येणाऱ्या नामाचा आद्य ध्वनीसुद्धा वाचक आधीच ताडतो, कारण त्या ध्वनीशी न जुळणारे उपपद दिसताच मेंदूच्या आलेखात फरक पडतो, असे २००५ साली प्रसिद्ध झाले होते. २०१८ साली नऊ प्रयोगशाळांनी मिळून ३३४ व्यक्तींवर तोच प्रयोग केला. नामावरील परिणाम पुन्हा मिळाला, उपपदावरील मिळाला नाही. मराठीत 'मोठा, मोठी, मोठे' अशी विशेषणे नामाआधी लिंग सांगून टाकतात. भाषक पुढचा शब्द ताडतो की काय, हा वाद मराठीच्या साक्षीनेही तपासता येण्याजोगा आहे.

साधने आता आपल्या आवाक्यात आली आहेत. त्यांच्याविषयीचा विवेकही सोबत आला पाहिजे. येथे प्रश्न केवळ प्रबंधांच्या शुद्धतेचा नाही. वाचनात मागे पडणाऱ्या मराठी मुलाची परीक्षा घेणाऱ्या कसोट्या अशाच संशोधनातून घडतात. ज्या कसोटीला अक्षर आणि वर्ण यांतला भेद ठाऊक नाही ती लिपीची अडचण मुलाच्या माथी मारील. म्हणून उपकरण हाती घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने तीन वाक्ये कागदावर लिहावीत : मी काय मोजणार आहे, त्यावरून कोणत्या मनोव्यापाराचे अनुमान करणार आहे, आणि या दोहोंना जोडणारे गृहीतक मराठीच्या लिपीस, शब्दक्रमास व प्रत्ययव्यवस्थेस का लागू पडते. तिसरे वाक्य लिहिता आले नाही तर प्रयोगाची वेळ अद्याप आलेली नाही असे समजावे, आणि तो वेळ मराठीच्या व्याकरणाच्या अभ्यासास द्यावा.